विमान उतरल्यानंतरचा आश्विन



या सदरासाठी दर वर्षी संपादक मंडळाचा एकच निरोप येतो, 'सर, यंदा जरा हलकंफुलकं द्या.' यंदाही आला. पण गेल्या काही महिन्यांत अब्बासियात ज्या ज्या घरी चहाला गेलो, तिथे हलका विषय निघालाच नाही. जून २०२५मध्ये इराण-इस्रायल युद्धाच्या वेळी कुवेतचं आकाश काही तास विमानांसाठी बंद झालं, तेव्हापासून एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, 'परत तसं काही झालं तर?' 'तसं' म्हणजे कसं, हे जुन्या मंडळींना सांगावं लागत नाही. तरुणांनी ते २०१६ साली आलेल्या 'एअरलिफ्ट' चित्रपटात पाहिलेलं असतं.

चित्रपट विमान आलं की संपतो, आणि ते ठीकच आहे. दोन-सव्वादोन तासांत किती दाखवणार? पण त्या विमानांतून जी माणसं मुंबईत उतरली, त्यांचा दुसरा दिवस कसा उजाडला? महिन्याभराने ती काय करत होती? दसरा-दिवाळी कशी गेली? २०२५च्या शरद ऋतूत त्या गोष्टीला ३५ वर्षं झाली. मी ती विमानं पाहिलेली नाहीत. पण त्यांतून उतरलेली काही माणसं गावी पोचल्यानंतरचे दोन महिने जवळून पाहिले. त्याविषयी लिहितो.

आधी थोडी उजळणी, मुलांसाठी. २ ऑगस्ट १९९०च्या पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. तो गुरुवार होता. त्या वेळी इथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय राहत होते. ऑगस्टअखेर इराकने कुवेत हा आपला एकोणिसावा प्रांत असल्याचं जाहीर केलं. ज्या दिनारावर सगळ्यांची आयुष्यं उभी होती, तो हातातला कागद झाला. विमानतळ बंद, म्हणून लोक बसने बसऱ्याला, तिथून बगदादला आणि तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या सरहद्दीवर गेले. तिथल्या तंबूंत काहींचे दिवस गेले, काहींचे आठवडे. मग अम्मान, आणि अम्मानहून सुमारे चार हजार किलोमीटरवरची मुंबई. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या ५९ दिवसांत एअर इंडियाने ४८८ उड्डाणं केली आणि १ लाख ११ हजारांहून जास्त माणसं परत आणली. तारखांकडे जरा नीट पाहा. ही वाहतूक संपली ११ ऑक्टोबरला, आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं १८ ऑक्टोबरला. म्हणजे शेवटी उतरलेल्यांना दिवाळी अवघ्या आठवड्यावर होती.

ज्या देशात ती उतरली, तोही शांत नव्हता. ऑगस्टमध्ये मंडल आयोगाची घोषणा झाली होती आणि उत्तरेकडची शहरं पेटली होती. २५ सप्टेंबरला सोमनाथहून रथयात्रा निघाली. आखाती संकटाने तेल महागलं, परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीतलं सरकारच पडलं. मुंबईच्या विमानतळावर वर्तमानपत्र विकत घेतलेल्या माणसाला धीर यावा अशी एकही बातमी त्यात नव्हती.

मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. कोकणातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचो आणि पीएच.डी.साठी राजापूर-लांजा भागातल्या खेड्यांत घरोघर फिरायचो. विषय होता मनीऑर्डर. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत, नाहीतर आखातात. पोस्टमन महिन्यातून एकदा पाखाडी चढून येई आणि त्याच्या पिशवीवर किराणा, शाळेची फी, औषधपाणी सगळं चाले. कोणत्या घरात किती येतात, त्यातले शेतीवर किती खर्च होतात, हे मी वहीत टिपत होतो. ऑगस्टपासून काही घरांच्या रकान्यात शून्य लिहावं लागलं. दसऱ्याच्या सुमारास त्याच घरांच्या ओटीवर, ज्यांच्या नावाने पैसे येत, ती माणसं स्वतः बसलेली दिसू लागली.

कोकणाला ही सवय जुनी आहे, हे इथे सांगायला हवं. १८९६च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला तेव्हा माणसं लोंढ्याने गावी परतली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला, आणि हजारो घरांत गिरणी कामगार परत आला. १९९० त्याच माळेतला एक मणी. पुढे २०२०च्या टाळेबंदीत तीच वाट पुन्हा वाहिली. पोटासाठी बाहेर आणि संकटात घरी, हा कोकणच्या माणसाचा शंभर वर्षांहून जुना हिशेब आहे. त्यासाठीच तो चार गुंठे का होईना, जमीन विकत नाही. शहरातले नातेवाईक विचारतात, 'त्या तुकड्यातून मिळतं काय?' भात फारसं मिळत नाही, हे खरं. पण परत यायला जागा मिळते, आणि तिची किंमत बाजारभावात निघत नाही.

आता त्या आश्विनाकडे येऊ. कोकणात भात तीन तऱ्हेचं: हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं लवकर पिकतं, दसऱ्याच्या मागेपुढे कापणीला येतं. मग निमगरवं. गरवं दिवाळीनंतरसुद्धा उभं असतं. पाऊस परतीला लागला की कापणीच्या आधी एक काम असतं, खळं करण्याचं. चार महिने पावसाने घरासमोरचं अंगण धुऊन निघालेलं असतं, त्यात गवत माजलेलं असतं. ते खणायचं, माती पसरायची, पाणी मारायचं आणि ओली असतानाच चोपणीने बडवून सपाट करायची. चोपणी म्हणजे दांड्याची जाड लाकडी फळी. मग शेणाने सारवायचं. त्या दिवसांत सकाळी गावातून चाललं की या घरून त्या घरून चोपण्यांचे धपधप आवाज येतात.

एका घरात कुवेतहून आलेला मुलगा होता. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, सालमियात एका कंपनीत हिशेबनीस होता. चौदा वर्षं तिथे काढून सप्टेंबरच्या मध्यावर एका पिशवीनिशी घरी आला होता. मी प्रश्नावली घेऊन गेलो तेव्हा तो ओटीवर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेला. आकाशवाणी संपली की बीबीसी, बीबीसी संपलं की पुन्हा आकाशवाणी. गावात फोन नव्हता, कोकण रेल्वे नव्हती, वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने येई. रेडिओ हीच त्याची एकमेव वाट. अमेरिका हल्ला करणार का, कंपनी उरली का, खोलीतलं सामान कोणी नेलं, बँकेतल्या पैशांचं काय झालं. यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर रेडिओत नव्हतं, तरी रेडिओ सोडवत नव्हता. मुलांनो, तुमच्या हातातला फोन आणि त्याचा तो ट्रान्झिस्टर यांत मला फारसा फरक दिसत नाही.

त्याची आई सत्तरीची. तिने त्याची समजूत काढली नाही. एका सकाळी ती म्हणाली, 'अरे, सद्दामचं काय व्हायचं ते होईल. खळं कोण चोपणार? शनिवारी भात यायचंय.' आणि चोपणी त्याच्यापुढे ठेवली.

दहा-बारा दिवसांनी मी त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा खळं झालं होतं, कडेला भाऱ्यांची उडवी रचलेली होती, आणि हा माणूस हातांच्या फोडांना खोबरेल लावत बसला होता. रेडिओ खुंटीला होता. तो बातम्या ऐकत नव्हता असं नाही, संध्याकाळी एकदा ऐकायचा. मी सहज विचारलं, 'कसं वाटतंय?' तो म्हणाला, 'सर, तिथलं काय होणार ते मला इथे बसून कळत नाही. पण उद्या सकाळी काय करायचं ते कळतं. झोप लागते.'

हे वाक्य मी वहीत टिपलं. माझ्या प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं.

दुसरं घर. तिथे सून आणि नऊ वर्षांची नात आली होती. सून कुवेतमध्ये शाळेत शिकवत होती. नवरा मागे राहिला होता, अम्मानहून निघाल्याची तार अजून आली नव्हती. मुलगी सरहद्दीवरच्या तंबूत अकरा दिवस राहिली होती. तिथे पाण्यासाठी रांग, पावासाठी रांग. गावी आल्यावर आजीच्या लक्षात आलं की पोर जेवताना अर्धी भाकरी परकरात लपवते आणि रात्री उशीखाली ठेवते. विचारलं तर सांगत नव्हती. आई रडली. आजीने तिला रागावलं नाही, समजावलंही नाही. भाताची झोडणी झाली, उफणणी झाली आणि मापाचा दिवस आला, तेव्हा पायली नातीच्या हातात दिली.

पायली म्हणजे चार शेरांचं माप. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. त्या मुलीचं मराठी कुवेतच्या इंग्रजी शाळेतलं, अडखळणारं. पण त्या दिवशी खळ्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पायली भरून कणगीत ओतायची, आकडा ओरडून सांगायचा, आजीने कोळशाने भिंतीवर रेघ मारायची. दुपार कलेपर्यंत कणगी तिच्या डोक्याच्या वर गेली. आजीने विचारलं, 'बाय, किती झालं?' तिने आकडा सांगितला. 'मग हे आपल्याला कधीपर्यंत पुरेल?' दोघींनी बसून हिशेब केला. रोजचं किती, आल्यागेल्याचं किती, बियाण्याचं बाजूला किती. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पुरत होतं. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा आजीने न विचारता सांगितलं, 'भाकरी लपवायची थांबली हो.' नवऱ्याची तारही त्या सुमारास आली, पण भाकरी थांबली ती तार येण्याआधी.

मला वाटतं, आजीने अर्थशास्त्र माझ्यापेक्षा बरं शिकवलं. 'घाबरू नकोस, सगळं ठीक होईल' असं कोणीही म्हणू शकतं. पण त्या पोरीला मोजता येणारी गोष्ट हवी होती. घरात धान्य किती आहे, हे तिने स्वतःच्या हातांनी मोजलं.

तिसरी गोष्ट सावडीची. सावड हा शब्द आता ऐकू येत नाही. मजुरीचे पैसे न देता कामाची फेड कामाने करायची, ती सावड. आज तुम्ही दोघं माझ्या कापणीला या, परवा माझ्या घरचे दोघं तुमच्याकडे येतील. परत आलेल्या माणसांच्या खिशात पैसे नव्हते. कुवेती दिनार कोणी बदलून देत नव्हतं. गावाने त्यांना फुकट खायला घातलं असतं, गावं तशी असतात. पण चौदा वर्षं ज्याच्या मनीऑर्डरवर घर चाललं, त्याला फुकटचा घास गोड लागत नाही. सावडीत त्याची पत पैशांवर ठरत नव्हती. त्याच्याकडे एक दिवस होता, तो त्याने दिला आणि बदल्यात एक दिवस घेतला. तो कुणाचा मिंधा झाला नाही.

आणि एक सांगतो. खाडीकाठच्या मोहल्ल्यातले कितीतरी कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या आखातात जात आले आहेत. इथल्या जुन्या वाचकांना ते ठाऊक आहे. वर सांगितलेला हिशेबनीस आणि त्या मोहल्ल्यातला एक ड्रायव्हर बगदादपासून एकाच बसने आले होते, तंबूत शेजारी होते. त्या ऑक्टोबरात ड्रायव्हर दोन मुलांना आणि विळे घेऊन हिशेबनिसाच्या मळ्यावर आला. चार दिवसांनी हिशेबनीस आणि त्याचा भाऊ मोहल्ल्यात गेले. देशात त्या महिन्यात काय चाललं होतं, ते मी वर लिहिलंच आहे. या दोघांनी त्यावर भाषण केलं नाही. मळ्यावर नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुक्या बांगड्याचं तोंडीलावणं होतं. गप्पा चालल्या त्या तंबूतल्या पाण्याच्या रांगेच्या आणि भात लोळल्याच्या.

मग कोजागरी आली, घरोघर नवं बांधलं गेलं. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, झेंडू, कुर्डूचं फूल आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला, देव्हाऱ्याला, पेटाऱ्याला, गाडीच्या जुवालाही बांधायचं. दिवाळीच्या पहाटे तुळशीसमोर कारीट अंगठ्याने फोडायचं आणि नव्या भाताच्या पोह्यांचे प्रकार खायचे: गुळाचे, तिखटाचे, दुधातले. फटाके त्या वर्षी कमी होते. पोहे मात्र नव्या भाताचेच होते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, 'सर, खेडं म्हणजे स्वर्ग असं तुम्ही रंगवताय.' नाही हो. तीस वर्षं खेड्यांचा जमाखर्च तपासलेला माणूस तसं म्हणणार नाही. त्याच घरांत चुलीवरून कुरबुरी होत्या. ज्याचे पैसे येत होते तेव्हा ज्याचं कौतुक, तो आता 'आणखी एक ताट' झाला होता, आणि हे कुणी न बोलता त्याला कळत होतं. सोसायटीचं कर्ज थकलं होतं. मुलांच्या शाळा बुडाल्या होत्या. इंग्रजी शाळेतून आलेलं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणत्या इयत्तेत बसवायचं, यावर गुरुजींचं आणि आईचं एकमत होत नव्हतं. कोकणातलं पीक एकच. भात घरात आलं, कातळावरचं गवत कापून झालं, पावटा-कुळीथ पेरून झालं की कामाचा रेटा ओसरतो. डिसेंबरात त्या माणसांच्या चेहऱ्यांवर काळजी परत आलेली मी पाहिली. १७ जानेवारी १९९१ला युद्ध पेटलं तेव्हा ट्रान्झिस्टर पुन्हा कानाशी गेला. २६ फेब्रुवारीला कुवेत मुक्त झालं आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत बरेच जण परत इथे आले. हिशेबनीस आला, ड्रायव्हर आला. काहींना पुन्हा बोलावणं आलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून नुकसानभरपाई मिळायला आणखी कित्येक वर्षं जावी लागली.

शिवाय जो कायमचा शेतकरी, त्याला शरद ऋतू म्हणजे विसावा नसतो. कापणीच्या तोंडावर पाऊस आला तर वर्ष बुडतं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे काय झालं, ते तुम्ही पाहिलंत. सोयाबीन पाण्यात, जनावरं वाहून गेली, कुठे मातीच खरवडून गेली. आपल्यातल्या ज्यांची घरं धाराशिव, बीड, सोलापूरला आहेत, त्यांना 'खेड्यातला निवांतपणा' हा शब्दसुद्धा यंदा ऐकवणार नाही. तेव्हा मला एवढंच म्हणायचं आहे की त्या वर्षी, त्या दोन महिन्यांपुरता, रोजच्या शेतकामाने त्या माणसांना आधार दिला. तो नेमका कशाने दिला, ते समजून घेण्यासारखं आहे.

माझी समजूत अशी. बातमीला शेवट नसतो. एक संपली की दुसरी सुरू होते, आणि त्यात आपण करण्यासारखं काही नसतं. खळ्याला शेवट असतो. सकाळी ओबडधोबड होतं, संध्याकाळी गुळगुळीत झालं, डोळ्यांना दिसलं. त्या कामात आपली गरज असते. शनिवारी भात येणार आहे आणि आपण नसलो तर ते ओल्या मातीवर पडेल. आणि ते काम आपल्याला 'तुझं मन बरं आहे का?' असं विचारत नाही. घाबरलेल्या माणसाला सारखं त्याच्या भीतीबद्दल विचारत राहणं हीसुद्धा एक शिक्षाच असते. त्या आईने आणि त्या आजीने ते विचारलं नाही. त्यांनी चोपणी दिली, पायली दिली.

आता तुम्ही म्हणाल, 'अब्बासियात चौथ्या मजल्यावर खळं कुठून आणू?' खरं आहे. पण ऋतू इथेही आहे, आपण एसीतून त्याच्याकडे पाहत नाही इतकंच. सप्टेंबरच्या सुरुवातीला कुवेती म्हातारे पहाटे दक्षिणेकडे सुहैल शोधतात. तो दिसला की उन्हाळ्याचा जोर सरला, असा अरबस्तानचा जुना हिशेब. हा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. त्याच्या उदयाने गढूळ पाणी निवळतं असं आपले पूर्वज मानत. एकाच ताऱ्यावर समुद्राच्या दोन्ही काठांनी शरद ऋतू बांधलेला आहे. रत्नागिरीत तो क्षितिजापासून वीस अंश वर चढतो, इथे जेमतेम आठ. म्हणून इथे तो इमारतींआड जातो. थंडीत कधी वाळवंटात तंबूला गेलात तर मुलांना दाखवा. मग ऑक्टोबरच्या मध्याला इथला 'वसम' लागतो. त्या दिवसांत पाऊस नीट झाला तर पुढे वाळवंटात फगा, म्हणजे जमिनीखालची अळंबी, मिळते. आपल्याकडे कापणी चालते तेव्हा इथे वफ्रा आणि अब्दलीच्या शेतांत पेरणीची धांदल असते. इथलं शेतीचं वर्ष उन्हाळा संपल्यावर सुरू होतं.

म्हणून माझी मुलांना एक विनंती आहे. मासळीबाजारातून थर्माकोलचा रिकामा खोका आणा. तळाला भोकं पाडा, माती भरा, वाण्याकडची साधी मेथी रात्रभर भिजवून पेरा. आता उन्हाचा कडाका कमी झालाय, चार-पाच दिवसांत कोंब दिसतील, तीन-चार आठवड्यांत भाजी होईल. माझी नात गेली दोन वर्षं हे करते. जुड्या मोजताना ती 'लाभ, दोन, तीन' म्हणते. तिला वाटतं, लाभ हा मराठीतला एक आकडा आहे. मी अजून तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

मोठ्यांना वेगळी विनंती. गावी फोन करता तेव्हा आपण विचारतो, 'बरे आहात ना?' तिकडून उत्तर येतं, 'बरे आहोत. तुम्ही?' 'आम्हीही बरे.' दोन्हीकडे काळजी असते आणि दोन्हीकडून ती झाकली जाते. त्याऐवजी विचारून पाहा, 'आज काय काम काढलंय?' मग पाहा, बोलणं कसं सुटतं. कोणतं भात कापलं, किती भारे झाले, गडी मिळाला की नाही, गाय कधी विते. पूर आलेल्या गावातूनही उत्तर येईल: घरातला गाळ काढतोय, भिजलेलं धान्य ओटीवर पसरलंय. मग 'काळजी घ्या' म्हणण्यापेक्षा काय पाठवायला हवं, ते तुम्हाला नेमकं कळेल. आणि ते पाठवा.

शेवटी, १९९०च्या बसमध्ये जे बसले होते आणि आज पुन्हा इथे आहेत, अशी काही मंडळी आपल्या मंडळात आहेत. प्रवासाच्या गोष्टी त्यांनी मुलांना सांगितल्या आहेत. माझी त्यांना एवढीच सूचना आहे की त्यांनी पुढचंही सांगावं: घरी पोचल्यावर पहिलं काम कोणतं हातात घेतलं, ते कोणी दिलं, आणि त्या रात्री झोप लागली का. ते लिहून द्या. मराठीत द्या किंवा इंग्रजीत, आपला अंक दोन्ही छापतो. परत तसं काही झालं तर काय, या मुलांच्या प्रश्नाला माझ्यापाशी याहून चांगलं उत्तर नाही.

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या मनापासून शुभेच्छा. फराळाला बोलवा, येताना मेथीची एक जुडी घेऊन येईन.